वरचा ठिपका थांबत नाही

मोरारची शाळा, आठवी ब.
अडतीस मुलं, सहा टॅब,
त्यातला एक चार्जच घेत नाही.
दिवसातून चारदा तावदानं थरथरतात,
महाराजपुऱ्याच्या तळावरून विमानं जोडीनं निघतात
आणि मी खडू हातात धरून उभी राहते
वाक्य अर्ध्यात टाकून.
आवाज ओसरला की उरलेलं अर्धं.

एकोणीस वर्षं मी फळ्यावर एकच पंख काढला,
वर फुगीर, खाली सपाट,
ताटात आडव्या ठेवलेल्या करंजीसारखा.
सांगितलं : हवेचे दोन कण
पंखाच्या नाकाशी एकमेकांचा हात सोडतात,
एक वरून जातो, एक खालून.
वरच्याची वाट लांब, म्हणून तो धावत सुटतो,
कारण शेपटाशी दोघांना एकाच वेळी पोचायचं असतं.
धावणाऱ्याचा दाब कमी,
म्हणून विमान उचललं जातं.
किती नीटस! परीक्षेत चार मार्क.

यंदा टॅबमध्ये खेळ आला.
बोटानं पंख तिरपा करायचा,
पंधरा अंशांच्या पुढे नेला की वर भोवरे उठतात,
विमान नाक खाली घालून कोसळतं
आणि कोपऱ्यातलं बदक हसतं.
मुलं बदकासाठीच विमानं पाडत होती.
निगारनं मात्र खेळ मध्येच थांबवला.
"मॅडम, ये दोनों तो मिलते ही नहीं."

पाहिलं.
वरचा निळा ठिपका शेपूट ओलांडून केव्हाच पुढे गेलेला,
खालचा अजून पंखाखालीच रेंगाळत.
वरच्यानं मागे वळूनही पाहिलं नव्हतं.

आधी वाटलं, खेळ बनवणाऱ्याची चूक.
मग वाटलं, टॅब जुना आहे.
वर्गात मी हिंदीत शिकवते,
पण हिशेब आणि चुका माझ्या मराठीतच होतात.
रात्री मराठीतच कळलं :
एकाच वेळी पोचायचं, असं त्यांचं
कधी ठरलेलंच नव्हतं.
ते मी ठरवलं होतं. किंवा मला शिकवणाऱ्यांनी.
हात सोडलेले पुन्हा भेटतात
हे ऐकायला बरं वाटतं, एवढंच.

सकाळी टेबलाचा खालचा खण उघडला.
जप्त केलेली कागदी विमानं :
गणिताच्या वहीची, फीच्या पावतीची,
एक तर माझ्याच प्रश्नपत्रिकेचं.
एकालाही फुगीर पाठ नाही.
वर जेवढा कागद, खाली तेवढाच,
आणि तरी ही सगळी उडताना पकडलेली.
एकोणीस वर्षं पुरावा वर्गभर फिरत होता
आणि मी तो कान पिरगाळून गोळा करत होते.

वऱ्हांड्यात उभी राहून म्हटलं,
मी चुकीचं शिकवलं.
कुणी दचकलं नाही.
हरवीरनं विचारलं, विमानं परत मिळणार का?
मिळाली.
निगारनं तिच्या विमानाची शेपटाकडची कड
नखानं जराशी वर मुडपली.
तिचे अब्बू तळावर फटाके लावून घारी हाकलतात,
घार उतरताना शेपूट कशी पसरते
ते तिला आमच्या पुस्तकाआधी ठाऊक.
तिचं विमान पाण्याच्या टाकीपर्यंत गेलं.
हरवीरचं माझ्या अंबाड्यात.

तेवढ्यात वरून जोडी गेली.
चुकीच्या कारणानंही
इतकी वर्षं ती उडतच राहिली होती.

"तो फिर उड़ता क्यों है?"
म्हटलं, घरी जाताना सांगेन.

सुटल्यावर गोला का मंदिरकडे जाणाऱ्या टेम्पोत
आम्ही सातजण कोंबून बसलो.
म्हटलं, तळवा बाहेर काढा, आडवा धरा.
आता अंगठ्याकडची कड जराशी वर.
बघा, तुम्ही हवेला खाली लोटता,
ती तुम्हाला वर.
सहा तळवे एकदम उचलले गेले.
ड्रायव्हर ओरडला, हाथ अंदर!
सगळ्यांनी घेतले.
मीही घेतला,
थोडा उशिरा.